दोन झडपा, एक राजीनामा

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. घराच्या आवारभिंतीला असतो ना, दोन झडपांचा, माणूस आत घ्यायचा तर एक झडप उघडायची आणि मोटार आत घ्यायची तर दोन्ही, तसला. कुणी मला गेट म्हणतं, कुणी फाटक. मला काहीही चालतं. माझा जन्म लखनौच्या कडेला असलेल्या चिनहटचा आणि संस्कार भंडाऱ्याचे, त्यामुळे लखनौच्या गोमती नगरात उभा असलो तरी मनातल्या मनात मी मराठीच बोलतो. इतकी वर्षं पाठीमागे मराठीत भांडणं ऐकल्यावर लोखंडालाही भाषा येते.

दरवाज्याला कसलं आलंय आयुष्य, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. पण घरातली अर्धी गोष्ट दारातच घडते. पाहुणा बैठकीत जे बोलत नाही ते निघताना दारात बोलतो, आणि ते ऐकायला मी असतो.

माझे मालक दयाराम रामटेके. मूळचे भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीकडचे. सरकारी खात्यात नकाशे काढायची नोकरी. बदली होऊन लखनौला आले आणि इथलेच झाले. प्राधिकरणाच्या सोडतीत त्यांना गोमती नगरात एक भूखंड लागला. घर बांधायला अजून अवकाश होता, पण त्यांच्या पत्नी सुनंदाबाई म्हणाल्या, घर मागाहून होईल जी, आधी गेट लावा, रोज लोकांच्या म्हशी येऊन बसतात. म्हणजे बघा, या घराचा पाया घातला जायच्या आधी मी उभा राहिलो. हा मान माझाच.

दयारामजींनी माझा नकाशा स्वतःच्या हातानं काढला. उभे गज, मध्ये एक रुंद आडवी पट्टी आणि वर ओळीनं पिंपळाची पानं. बौद्ध घर, दारावर बोधिवृक्षाचं पान असावं ही त्यांची हौस. नकाशा घेऊन ते चिनहटच्या एका वेल्डरकडे गेले, सगळं समजावलं आणि निघताना आपल्या विदर्भी हिंदीत बजावून सांगितलं, “ऊपर पान होना, पान. भूलना मत.”

आता मराठीत पान म्हणजे झाडाचं पान. हिंदीत झाडाचा तो पत्ता. पान म्हणजे खायचं, विड्याचं. वेल्डर पडला लखनौचा. त्याला वाटलं, साहेब शौकीन दिसतात. पिंपळपानाची लांब शेपटी त्याला नकाशा काढणाऱ्याचा हात घसरल्यासारखी वाटली, ती त्यानं छाटून टाकली. एवढ्यावर थांबला असता तरी खपून गेलं असतं. पण गडी उत्साही. प्रत्येक पानाच्या मधोमध त्यानं लवंग टोचल्यासारखा एकेक खिळा ठोकला.

मी हातगाडीवरून उतरलो तेव्हा दयारामजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ते मला परत पाठवायला निघाले होते, पण सुनंदाबाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की त्यांचा राग तिथंच विरघळला. पदरी पडलं पवित्र झालं, असं म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं. तेव्हापासून रिक्षावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे या घराला ‘पानवाली कोठी’ म्हणतात. घरात मात्र कुणी आयुष्यात विडा खाल्लेला नाही.

ते माझे उमेदीचे दिवस. दर दिवाळीला मला काळा रंग आणि पानांना हिरवा. वेल्डर नवी गिऱ्हाईकं घेऊन यायचा आणि लांबूनच मला दाखवायचा, देखिए, अपना काम है. मी आपला छाती काढून उभा. घरातली दोन पोरं, अभय आणि त्याची धाकटी बहीण स्वप्ना, माझ्या आडव्या पट्टीवर चढून झोके घ्यायची. आई मराठीत ओरडायची, अभय हिंदीत उत्तर द्यायचा आणि स्वप्ना ज्या भाषेत मार चुकेल त्या भाषेत.

शेजारी हरिहर श्रीवास्तव राहायचे. अस्सल लखनौचे. कचेरीत पेशकार होते, म्हणजे न्यायाधीशांपुढे खटल्यांचे कागद मांडायचं काम. बोलणं इतकं अदबीचं की भाजीवाल्यालासुद्धा ते ‘ज़रा तशरीफ़ लाइए’ म्हणून बोलवायचे. त्यांचं आणि आमचं गूळपीठ. हिवाळ्यात त्यांच्याकडून काळ्या गाजराच्या हलव्याचा डबा यायचा आणि सुनंदाबाई तोच डबा पातोडीच्या रश्श्यानं भरून परत पाठवायच्या. रश्श्याच्या तिखटानं हरिहरजींच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, नाक पुसत पुसत ते म्हणायचे, वाह भाभीजी, क्या चीज़ है. बिचाऱ्यांना शिष्टाचारापायी कधी नाही म्हणता आलं नाही.

दयारामजी माणूस सरळ, पण नियम म्हणजे त्यांचा जीव की प्राण. निवृत्त झाल्यावर ते आमच्या खंडाच्या, म्हणजे गोमती नगराच्या आमच्या भागाच्या, निवासी समितीचे सचिव झाले. निवृत्त माणसाला घरात चहाची साखरसुद्धा कुणी विचारून घालत नाही. सचिवाला मात्र येता-जाता चार लोक थांबवतात. सेक्रेटरी साहब, पाणी आलं नाही. सेक्रेटरी साहब, दिवा बंद आहे. या हाकेवर ते जगत होते म्हणा ना. सकाळी माझ्यापाशी उभं राहून ते रस्त्यावरून नजर फिरवायचे, तेव्हा त्यांच्या वयातली दहा वर्षं कमी झालेली असायची.

त्याच काळात हरिहरजींनी एक विनंती केली. त्यांना दोन मुलगे, दोन सुना. एकाच घरात भांड्याला भांडं लागत होतं. त्यांच्या मनात होतं की भूखंडाचे दोन भाग करून मंजूर करून घ्यावेत, म्हणजे दोघांची दोन स्वतंत्र घरं होतील आणि दोन्ही मुलगे डोळ्यांसमोर राहतील. नियमात ते बसत नव्हतं, पण निवासी समितीनं हरकत घेतली नाही तर वरचे लोक विचार करतील, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. हरिहरजींना वाटलं, सचिव तर आपल्याच शेजारचे.

आणि दयारामजींनी हरकत लिहून दिली. रस्ता आहे तेवढाच, गटाराची वाहिनी आहे तेवढीच. आज एकाचे दोन झाले की उद्या सगळ्यांचे दोन होतील. यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त लिहिण्याआधी ते शेजारी गेले नाहीत. हरिहरजी कागद वाचून माझ्यापाशी आले, तेव्हा दयारामजी आतल्या बाजूनं गज धरून म्हणाले, नियम सबके लिए एक है. हरिहरजी म्हणाले, जी, दुरुस्त है. आणि गेले.

पुढच्या थंडीत त्यांचा धाकटा मुलगा बायको-पोरीला घेऊन नोएडाला निघून गेला. सामानाचा ट्रक माझ्या समोरूनच गेला. लखनौत भांडण झालं तरी नमस्ते थांबत नाही, हलवा थांबतो. दोन्ही घरांतला तो डबा कुणाकडे राहिला कोण जाणे, पण त्यानंतर तो काही माझ्यातून आत आला नाही.

माझेही दिवस फिरले. रंगाच्या दिवाळ्या चुकत गेल्या. अंगावर शिकवणीच्या जाहिराती चिकटल्या. एका ई-रिक्षानं मागे येताना खालचे दोन गज वाकवले आणि रिक्षावाला माझ्याकडेच रागानं बघून गेला. उजवी झडप थोडी खचली, उघडताना फरशीवर घासायला लागली. अभय आता बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता, त्याची बायको हेमा शाळेत शिकवायची, दारात नवी मोटार आली होती. तो एकदा म्हणाला, बाबा, यह कबाड़ हटाओ, स्लाइडिंग लगवाते हैं. कबाड़! ज्याच्यावर झोके घेतले त्याला. माणसाची जात, दुसरं काय.

पण माझं दुःख राहू द्या, खरी गोष्ट स्वप्नाची आहे. स्वप्ना इथल्याच एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. लग्न केलं नाही. तिला करायचं नव्हतं आणि आईबापांनी तिच्या मागे टुमणं लावलं नाही. पण एकटी बाई म्हटल्यावर भाड्याचं घर मिळवणं म्हणजे काय दिव्य असतं ते तिला विचारा. अकेली हैं? कौन-कौन आता है? रात को कितने बजे लौटती हैं? कुठे अकरा महिने, कुठे तेवढेही नाहीत. कधी इंदिरा नगर, कधी चिनहट, स्कूटरवर गादी बांधून ती हिंडत राहिली.

एका रविवारी ती आली ती पुन्हा घर सोडायची नोटीस घेऊनच. हेमानं अगदी मनापासून सांगितलं की दीदी, वरची खोली रिकामी आहे, इथंच या. स्वप्ना नुसती हसली. निघताना दयारामजी तिला पोचवायला माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, ये ना बेटा, खोली तुझीच आहे.

तिनं हेल्मेट हातातच ठेवलं. “बाबा, मला खोली नको. खोली कुणाच्याही घरात मिळते. मला माझं दार हवंय.”

स्कूटर वळून गेली तरी दयारामजी माझा गज धरून उभे होते. मुलगा-मुलगी सारखी, हे वाक्य त्यांनी जन्मभर लोकांना सांगितलं होतं, सभांमधून, लग्नांमधून. त्या दिवशी ते त्यांनाच कुणी ऐकवल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते टेप घेऊन अंगणात आले. घराच्या उजव्या बाजूला बरीच मोकळी जागा होती, जुन्या पेरूची आणि सुनंदाबाईंच्या कढीपत्त्याची. भूखंडाचे कायदेशीर दोन भाग केले तर त्या बाजूला स्वप्नाचं स्वतःचं लहान घर सहज उभं राहील, हे त्यांच्या नकाशे काढणाऱ्या डोळ्यांना लगेच दिसलं. अभयला विचारलं तर तो मोटार पुसता पुसता म्हणाला, हाँ तो दे दीजिए ना, आधा उसका है ही. मित्रांनो, एवढं सोपं वाटणीचं बोलणं मी दुसऱ्या कुठल्या दारात ऐकलं नाही. घरात सगळे राजी होते. आडवा येत होता तो नियम, ज्याची दयारामजींनी आजवर राखण केली होती.

नशीब असं की नेमका तेव्हाच तो नियम बदलायची चर्चा सुरू झाली. प्राधिकरणाचा माणूस येऊन माझ्याच डाव्या झडपेवर एक सूचना चिकटवून गेला. भूखंडांच्या विभागणीला परवानगी द्यावी का, याबद्दल लोकांकडून ‘आपत्ति एवं सुझाव’ मागवले होते. सुनंदाबाईंनी चष्मा लावून ती वाचली आणि आत बघून हाक मारली.

“अहो, ऐकलं का? सरकार आता आपत्त्या मागवून राहिलं. आपल्याकडे काय तोटा आहे जी? नेऊन द्या चार.”

हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत, हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण इतक्या वर्षांत हसायची संधी त्यांनी कधी सोडली नव्हती. दयारामजी मात्र हसले नाहीत.

मग काय, सगळ्या खंडात तोच विषय. उद्यानात बैठका व्हायच्या आणि घरी जाताना माणसं माझ्यापाशी थांबून उरलेलं भांडण संपवायची. कुणी म्हणे, गाड्या लावायच्या कुठे? कुणी म्हणे, पाण्याला आत्ताच जोर नाही, उद्या दुप्पट चुली पेटल्या की काय? त्यावर दुसरा म्हणे, मग आमच्या पोरांनी जायचं कुठे, शहराबाहेर शेतात? नवी जागा घ्यायची तर जन्म जातो. खरं सांगू, ऐकताना मला दोन्ही बाजूंचं पटायचं. तसाही मी दोन झडपांचा.

समितीचं बहुमत विरोधात गेलं. आता तो विरोध प्राधिकरणाच्या सुनावणीत वाचून दाखवायचा कुणी, तर सचिवानं. दयारामजींची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली. वाचावं तर मुलीचं घर जातं, न वाचावं तर लोक म्हणणार, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. त्यांनी गुडघा दुखतोय असं सांगून अंथरूण धरलं. विरोध दुसऱ्याच कुणी वाचला. पण लोक काय दुधखुळे असतात? गुडघ्याचं खरं कारण आठवड्यात सगळ्या खंडाला कळलं. माझ्यापाशी थांबून ‘सेक्रेटरी साहब’ म्हणणारे आता ते दोन शब्द जरा लांबवून म्हणायला लागले.

शेवटी नियम बदलला. विभागणी करता येईल, पण दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची लेखी संमती हवी, अशी अट पडली. उजवीकडे एक डॉक्टर राहतात, त्यांनी दवाखान्यात जाता जाता सही करून दिली. डावीकडे हरिहरजी.

दयारामजींचं पाऊल काही तिकडे वळेना. किती सकाळी ते माझी कडी काढून बाहेर गेले, चार पावलं डावीकडे टाकली आणि दूध आणायला निघाल्यासारखं करून परत आले. दूध घरी येतं, मित्रांनो. हे मला ठाऊक होतं आणि सुनंदाबाईंनाही.

अखेर त्याच गेल्या. हरिहरजी त्यांच्या दारात ऊन घेत बसले होते. सुनंदाबाईंनी सगळं सांगितलं, स्वप्नाचं भाड्याचं हिंडणं, नवी अट, सही. हरिहरजींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून उभे राहिले आणि अगदी सौम्य आवाजात म्हणाले, “भाई साहब से कहिए, राज़ीनामा दे दें। बात ख़त्म।”

सुनंदाबाई परत आल्या त्या चेहरा पाडून. दयारामजी माझ्या आतच वाट बघत उभे होते. त्या म्हणाल्या, “सही द्यायला नाही म्हणत नाहीत ते. पण म्हणतात, राजीनामा द्या, बात खतम.”

आता मराठीत राजीनामा म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे. दयारामजींच्या नोकरीत, साहेबाच्या तोंडावर फेकतात तो राजीनामा. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. म्हणजे इतकी वर्षं मनात ठेवून त्याला शेवटी माझी खुर्चीच हवी होती, असं म्हणून ते आत गेले. अभय म्हणाला, छोड़िए ना, हम ऊपर से बात करेंगे. स्वप्ना धावत आली आणि म्हणाली, बाबा, माझ्यापायी हे नको, मी आणखी एक घर बघते. आणखी एक घर, हे ती किती सवयीनं म्हणाली. त्या शब्दांनीच त्यांचं ठरलं असावं.

मला राग आला होता हरिहरजींचा, लपवत नाही. ज्या माणसाला सगळ्या खंडात एक हाक उरली आहे, ती हाकच मागावी? अदबीचा माणूस म्हणे.

मग पाहणीचा दिवस आला. प्राधिकरणाच्या तरुण इंजिनियर मॅडम जागा बघायला आल्या. टेप धरून झाला, फोटो काढून झाले. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. दोन्ही शेजाऱ्यांना बोलावलं होतं. हरिहरजी पांढरी शाल पांघरून आले आणि माझ्या बाहेरच थांबले, आत या असं कुणी म्हणेपर्यंत. दयारामजी इस्त्रीचा सदरा घालून पुढे आले. खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या गजांमधून त्यांच्या हातात दिला.

हरिहरजींनी तो उघडला. हिंदीतच लिहिला होता, नीट, नकाशाखाली लिहावा तशा अक्षरात. मी निवासी समितीच्या सचिवपदावरून मुक्त होत आहे. हरिहरजींनी दोनदा वाचला. मग चष्म्यावरून वर पाहिलं.

“यह क्या है, रामटेके जी?”

“राजीनामा. आपने माँगा था.”

“यह तो इस्तीफ़ा है!” हरिहरजींनी कागद खाली केला. “मैं आपसे इस्तीफ़ा माँगूँगा? हमारे यहाँ कचहरी में जब दोनों फ़रीक़, यानी दोनों पक्ष, राज़ी हो जाते हैं, तब राज़ीनामा लिखा जाता है। सुलह का काग़ज़। मैं तो बस यह चाहता था कि एक बार आप ख़ुद आ जाएँ।”

मग सुनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला, हसू आवरायला की रडू, ते मला मागून दिसलं नाही. इंजिनियर मॅडम कधी या म्हाताऱ्याकडे बघत, कधी त्या. एक शब्द दोन दारांमधून जाताना एवढं रूप पालटतो, हे त्यांच्या कुठल्या नियमात नव्हतं.

हरिहरजी कागद परत करायला लागले. दयारामजींनी घेतला नाही.

“शब्द मैंने ग़लत समझा,” ते म्हणाले. “काग़ज़ ग़लत नहीं है। इसे रहने दीजिए। राज़ीनामा अलग से लिख देता हूँ।”

आणि त्यांनी माझी कडी काढून दोन्ही झडपा उघडल्या. एका माणसाला आत घ्यायला दोन्ही झडपा उघडायची काही गरज नव्हती, पण उघडल्या. हरिहरजी आत आले. खुर्चीवर न बसता त्यांनी संमतीचा कागद मागून घेतला, माझ्या आडव्या पट्टीवर ठेवला आणि सही केली. दयारामजी भरभर बोलत होते, की हरिहरजी, आता नियम झालाय, तुमच्या धाकट्यालाही बोलवा, तुमच्या भूखंडाचेही दोन भाग होतील, माझी सही मी आत्ता देतो.

हरिहरजींनी पेनाचं टोपण लावलं. “बुलाया था। कहता है, पापा, अब तो मकान यहीं ले लिया, बिटिया का स्कूल भी यहीं है।” मग आपणच दयारामजींचा हात थोपटत म्हणाले, कोई बात नहीं, आपकी बिटिया तो आ रही है.

स्वप्नाचं घर उभं राहिलं. दोन खोल्या, वर गच्ची. भूखंड दुभागला, मध्ये कमरेएवढी भिंत आली आणि आता दोन घरांना दोन दरवाजे लागणार होते. ठेकेदारानं मला भंगारात काढायचं ठरवलं होतं. मी मनाची तयारी केली होती, पण स्वप्नानं ऐकलं नाही. मला खांबांवरून उतरवलं, गज सरळ केले, रंग दिला. डावी झडप अभयच्या दाराला लागली आणि उजवी, ती घासणारी, स्वप्नाच्या. सुरुवातीला मला फार चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. एक झडप मिटली की दुसरी शोधायची. आता सवय झाली. स्वप्ना कामावर निघताना माझी कडी लावते, दोन पावलं जाते आणि परत येऊन उगाच एकदा उघडून पुन्हा लावते. तिचं तिला हसू येतं.

गृहप्रवेशाला हरिहरजींचा धाकटा मुलगा नोएडाहून एका दिवसासाठी आला होता, बायकोला आणि मुलीला घेऊन. मुलगी आता चांगली शाळेत जाण्याएवढी. तिनं स्वप्नाचं घर गच्चीपर्यंत फिरून पाहिलं, मग मधल्या भिंतीवरून अभयचं पाहिलं. संध्याकाळी स्टेशनवर जायला गाडी आली, सगळे निरोपाला माझ्यापाशी गोळा झाले, तेव्हा ती बापाला म्हणाली, “पापा, दादाजी के यहाँ ऐसा दूसरा घर क्यों नहीं बना?”

बाप सामान उचलायला वाकला. हरिहरजी शालीची घडी करायला लागले. विषय तसाच जिरला असता, लखनौत असे विषय जिरवायची माणसांना फार चांगली सवय आहे. पण दयारामजी पुढे झाले. सुनावणीच्या वेळी निमित्त केलेला तोच गुडघा टेकवून तिच्यासमोर बसले. या माणसाच्या तोंडी गटार, रस्ता, पाणी, सगळी उत्तरं तयार असायची आणि ती खरीही होती.

“मेरी वजह से, बेटा,” ते म्हणाले.

पोरीला काय कळलं असेल? तिनं मान डोलावली आणि गाडीत जाऊन बसली. हरिहरजींनी दयारामजींना हाताला धरून उठवलं आणि दोघंही गाडी वळेपर्यंत रस्त्यावर उभे राहिले.

मित्रांनो, नियम वाईट नसतात. दरवाज्याइतकं ते कुणाला कळणार? मी नसतो तर या अंगणात आजही म्हशी बसल्या असत्या. पण मी इतकी वर्षं पाहिलं आहे, दार लावणारा माणूस आतून लावतो, आणि बाहेर कोण उभं आहे ते त्याला लावताना दिसत नाही. म्हणून लावण्याआधी एकदा बाहेर जाऊन बघत जा. शेजारच्या घरापर्यंत फक्त चार पावलं असतात. आणि माझ्यासारख्यांच्या बिजागरीत वेळेवर थोडं तेल सोडत जा. उशिरा सोडलेल्या तेलानं कुरकुर थांबते, झिजलेलं लोखंड काही परत येत नाही.